पाहुण्यांचा नकाशा

अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटावर, हॅमिल्टन शहराच्या फेरी धक्क्याजवळ पर्यटकांच्या चौकशीची एक खिडकी आहे. तिथे बर्म्युडाचा घडीचा नकाशा फुकट मिळतो. खिडकीपलीकडच्या बाईने तो माझ्यासमोर झटक्यात उलगडला, बॉलपेन काढलं आणि माझ्याकडे न बघताच गोल करायला सुरुवात केली. हॉर्सशू बे, गोल. गिब्स हिलचं दीपगृह, गोल. डॉकयार्ड, सेंट जॉर्ज, क्रिस्टल केव्ह. हात गोल करत होता आणि तोंडाने बसचे नंबर चालले होते. मी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आणि तुम्ही कुठे राहता?" आमच्या ऑफिसात समोरच्याचं गाव विचारल्याशिवाय फाइल पुढे सरकत नसे, ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. तिने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. नकाशा पालटला. मागच्या बाजूला शहराचा मोठा नकाशा होता. पेन फ्रंट स्ट्रीटवरून वर सरकलं, रीड स्ट्रीट, चर्च स्ट्रीट ओलांडून आणखी वर गेलं आणि एका महागड्या घड्याळाच्या जाहिरातीवर जाऊन थांबलं. "इथे. या घड्याळाच्या खाली," ती म्हणाली, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या जोडप्यासाठी पुढचा नकाशा उलगडायला लागली.

एवढंच. पण ते घड्याळ डोक्यातून जाईना.

मी जन्मभर कोकणातल्या एका तालुक्याच्या मोजणी ऑफिसात नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं टेबलावर वाकून नकाशे उतरवण्यात गेली. टिपण, गटबुक, फाळणी, हद्दीच्या खुणा. आमच्या नकाशात कुठे डोळ्यांना बरं वाटेल असं काही नसायचं. समुद्र आला की रेघ संपली. आंब्याची शंभर वर्षांची कलमं असोत की कातळ, कागदावर दोन्ही सारखेच कोरे. मात्र कुणाचा बांध कुठून जातो यात सुईच्या टोकाएवढीही चूक चालत नव्हती, कारण त्या टोकाएवढ्या जागेवरून भाऊ भावाच्या अंगावर कोयता घेऊन जातो हे आम्ही बघितलेलं होतं. एखाद्याचं घर नकाशातून राहून गेलं तर तो माणूस दहा दहा वर्षं हेलपाटे घालतो, अर्जावर अर्ज करतो, चपला झिजवतो. आणि इथे ही बाई, जिचं घर कागदावरून चक्क जाहिरातीखाली गेलं होतं, तोच कागद दिवसभर हसतमुखाने वाटत होती. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर असता तर मी कदाचित विसरून गेले असते.

माझी भाची आणि तिचा नवरा तिथे पुनर्विम्याच्या, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवण्याच्या, धंद्यात आहेत. जगातल्या वादळांचे आणि भूकंपांचे हिशेब या बेटावर बसून होतात, हे भाचीने मला पुष्कळदा समजावलं आहे, आणि मला ते पुष्कळदा समजल्यासारखं वाटलं आहे. दोघं सकाळी कामाला जात. मला म्हणाली, "मावशी, फोनवर सगळं दिसतं, कागद कशाला हवा?" पण फोनच्या नकाशात मी कायम मधोमध असते आणि बेट माझ्याभोवती फिरतं. मला ते सोसत नाही. कागदावर आपण आपली जागा शोधायची असते.

नकाशा तसा देखणा होता. बेट लांबुळकं, पश्चिमेकडे गळाच्या टोकासारखं वळलेलं. वास्तविक ही कितीतरी बेटं आहेत, मोठी पुलांनी जोडलेली, पण कागदावर एकच दिसतं. सगळं मिळून सुमारे ५४ चौरस किलोमीटर, माणसं साधारण ६४ हजार. रुंदी इतकी कमी की एका किनाऱ्यावरच्या टेकाडावरून दुसरा किनारा दिसतो. हॅमिल्टन नावाचं शहर हॅमिल्टन नावाच्या पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे तिथला प्रशासकीय विभाग) नाही, पेम्ब्रुकमध्ये आहे; हॅमिल्टन पॅरिश वेगळीच, पूर्वेला. असल्या भानगडी मला नव्या नाहीत. आमच्याकडे एकाच नावाच्या दोन वाड्या दोन वेगळ्या महसुली गावांत असतात. बसचं मात्र त्यांनी छान सोपं करून ठेवलं आहे. थांब्याचा खांब गुलाबी असेल तर बस हॅमिल्टनकडे जाणार, निळा असेल तर हॅमिल्टनपासून लांब. हे एवढं कळलं की हरवण्याची भीती संपते, आणि हरवण्याची भीती संपली की माणूस खिडकीबाहेर बघतो.

सात नंबरच्या बसने दक्षिण किनाऱ्याने गेलं की डाव्या हाताला समुद्र लागतो. खडकांच्या फटींतून दिसणारं ते निळं पाणी नकाशावरच्या निळ्या शाईपेक्षा भडक आहे, हे कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. वाळू गुलाबी आहे. लाल कवचाचे अगदी बारीक समुद्री जीव, त्यांचा चुरा पांढऱ्या वाळूत मिसळून हा रंग येतो. मुठीत घेतली तर पांढरीच वाटते, लाट ओसरताना ओली असते तेव्हा गुलाबी दिसते. गुड फ्रायडे जवळ आला होता. त्या दिवशी तिथे सगळी माणसं पतंग उडवतात, षटकोनी, रंगीत पातळ कागदांचे तुकडे जुळवून केलेले, वरच्या बाजूला कागदाची झालर लावलेली. वारा लागला की ती झालर घूंऽऽ करून वाजते. आपल्या संक्रांतीसारखी काटाकाटी नाही. पतंग वर चढवायचा, दोरा कशाला तरी बांधून ठेवायचा आणि खाली बसून माशाचे तळलेले वडे पावात घालून खायचे. आकाश दिवसभर गुणगुणत राहतं. मी दोन वडे खाल्ले. मासा खारवलेला कॉड होता, चव सपक, पण खमंग तळलेल्या गोष्टीला मी कुठल्याही अक्षांशावर नाही म्हणत नाही.

बर्म्युडात बसमध्ये चढताना 'गुड मॉर्निंग' म्हणायचं असतं, आधी ड्रायव्हरला आणि मग एकूण बसला. उत्तर पण एकूण बसच देते. एकदा ड्रायव्हरने विचारलं, कुठून आलात. इंडिया म्हटल्यावर त्याने स्टिअरिंगवरचा एक हात सोडून उजवीकडे झेप घेतल्यासारखा लांब केला आणि मला म्हणाला, "लेव्हरॉक!" मला लगेच कळलं. १९ मार्च २००७, पोर्ट ऑफ स्पेन, वर्ल्ड कपमधला भारत-बर्म्युडा सामना. सतरा वर्षांच्या मलाकाय जोन्सचा पहिलाच चेंडू, उथप्पाच्या बॅटची कड, आणि स्लिपमधल्या त्या अगडबंब ड्वेन लेव्हरॉकने हवेत अंग झोकून एका हाताने घेतलेला झेल. त्या सामन्यात आपण ४१३ धावा केल्या आणि २५७ धावांनी जिंकलो, पण तो वर्ल्ड कप बांगलादेशने आपल्याला हरवून आधीच कडू करून ठेवला होता, म्हणून आमच्या घरात कुणाला जिंकल्याचं काही आठवत नाही. झेल मात्र सगळ्यांना आठवतो. ड्रायव्हरला तर वाटत होतं की सामनाच त्यांनी जिंकला. मीही त्याचा हिशेब दुरुस्त करायला गेले नाही. क्रिकेटचं तिथे वेड आहे. ऑगस्टमध्ये सेंट जॉर्ज आणि सॉमरसेट या दोन टोकांचा कप मॅच असतो, १९०२ पासून चालत आलेला, आणि त्याच्या दोन दिवसांना गुलामीतून सुटका झाल्याच्या आठवणीची सुट्टी असते. माझ्या नकाशावर क्रिकेटचं मैदान कुठे दिसलं नाही. गोल्फची मैदानं सगळी होती, हिरव्या शाईत, झेंड्याच्या खुणेसकट.

गिब्स हिलचं दीपगृह १८४६ सालचं, बिडाचं आहे. १८५ पायऱ्या चढून वर गेलं की पाहुण्यांचा नकाशा जमिनीवर पसरलेला दिसतो. पण तिथून पहिलं काही डोळ्यांत भरत असेल तर ती छपरं. सगळी पांढरी, पायऱ्यापायऱ्यांची, चुन्याने सारवलेली. नकाशात एकही छप्पर नसतं, आणि ते बेट जगतं ते छपरांवर. तिथे नदी नाही, गोड्या पाण्याचं तळं नाही. पाऊस पडतो तो छपरावर झेलायचा, पन्हळीने खाली आणायचा आणि घराखालच्या टाकीत साठवायचा. प्रत्येक घराला हे करावं लागतं, तसा कायदाच आहे. पाऊस वर्षाला साधारण १४०० ते १५०० मिलिमीटर. आमच्याकडे तीन हजारांच्या वर पडतो, तोही चार महिन्यांत, आणि एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन टँकरमागे पळतात. भाचीच्या घरी नळ सोडला की मोटरचा घुर्र आवाज यायचा आणि मला पायाखालच्या अंधारात पाणी हललेलं कळायचं. पहिल्या रात्री झोप लागली नाही. बाहेर झाडांवरचे बारीक बेडूक शिट्ट्या घालत होते, शेकड्यांनी, आणि आत आपण पाण्यावर निजलो आहोत हा विचार.

त्या घरांचा दगड बघायला मी एका पडक्या भिंतीपाशी थांबले होते. चुनखडीचा, मऊ, पिवळसर. पूर्वी घर बांधायचं तिथलाच दगड हातकरवतीने कापून काढत. जमिनीतून निघताना तो मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो. मी बोटाने खरवडून बघितलं. आमच्या जांभ्याची तीच गोष्ट आहे. खाणीतला चिरा ताजा असताना कुऱ्हाडीने ताशीव होतो आणि उन्हात पडला की दगड बनतो. रंग तेवढा वेगळा. आमचा तांबडा, त्यांचा साजुक तुपासारखा. अटलांटिकच्या मधोमध, जवळच्या जमिनीपासून हजारेक किलोमीटर लांब, चिरेखाणीच्या कडेला उभं राहिल्यासारखं वाटून मला एकदम घरची आठवण आली. काही घरांवर पावसाचे काळे ओघळसुद्धा आमच्यासारखेच होते. पाहुण्यांना दाखवण्यासारखं त्यात काही नाही हे मला मान्य आहे.

आता त्या रस्त्यांविषयी. नकाशावर बारीक करड्या रेघा दिसत होत्या, उत्तरेच्या किनाऱ्यापासून दक्षिणेच्या किनाऱ्यापर्यंत बेटाला आडव्या कापणाऱ्या. काहींवर नाव होतं, ट्राइब रोड नंबर अमुक. बऱ्याचशांवर नव्हतं. भाचीच्या घरापासून थोड्या अंतरावर असाच एक होता, म्हणून एका सकाळी त्यात शिरले. दोन माणसं जेमतेम बाजूबाजूने जातील अशी पाणंद, दोन्ही अंगांना दगडात खोदलेल्या भिंती, वरून ओलेआंबट पानांचा वास. मधेच चढ इतका उभा की पायऱ्या केलेल्या, अगदी आमच्या पाखाडीसारख्या. टेकडीला वळसा घालून जाणं सहज शक्य होतं, पण वाट वळत नव्हती. नाकासमोर वर आणि नाकासमोर खाली. गुरं आणि माणसं अशी वाट पाडत नाहीत. चढउतार न बघता सरळ जाणारी रेघ पायाने पडलेली नसते, ती टेबलावर पडलेली असते. कुणीतरी मोजणीवाला इथून गेला आहे, हे मला त्या चढावर धापा टाकताना कळलं आणि परदेशात अचानक आपल्या खात्यातला माणूस भेटावा तसा आनंद झाला.

त्याचं नाव रिचर्ड नॉरवुड. १६१३ मध्ये तो इथे आला तो मोत्यांसाठी. पाण्याखाली जाण्याची काहीतरी युक्ती त्याने काढली होती. मोती निघाले नाहीत. मग कंपनीने त्याला जमीन मोजायला लावलं. लंडनच्या भागधारकांची सॉमर्स आइल्स कंपनी तेव्हा बेटाची मालक होती आणि प्रत्येक भागधारकाला आपला तुकडा हवा होता. १६१६-१७च्या सुमाराला नॉरवुडने सगळं बेट मोजलं. आठ 'ट्राइब', म्हणजे जमिनीचे मोठे भाग, पाडल्या, दर ट्राइबमध्ये ५० हिस्से, दर हिस्सा २५ एकर, आमच्या भाषेत हजार गुंठे. सेंट जॉर्जकडची जमीन सार्वजनिक म्हणून वेगळी ठेवली. आठ गुणिले पन्नास गुणिले पंचवीस, बरोबर दहा हजार एकर. हद्दीवरून ज्या वाटा सोडल्या त्या या. सॅंडिस, साउथॅम्प्टन, वॉरिक, पॅजेट, पेम्ब्रुक, स्मिथ्स ही आजच्या पॅरिशची, म्हणजे तेव्हाच्या ट्राइबची, नावं त्या भागधारकांची आहेत. त्याच्या मोजणीवरून काढलेला नकाशा १६२६-२७ मध्ये लंडनला जॉन स्पीडने छापला, त्यात खाली हिस्सेदारांची यादीच दिली आहे, कुणाचे किती शेअर. त्याची छापील प्रत मी तिथे बघितली आणि बराच वेळ हलले नाही. चारशे वर्षांपूर्वीचा गट नकाशा आणि सातबारा एकाच कागदावर. हद्दी आजही बऱ्याच त्याच आहेत.

आणि मोजणी आली की लबाडी आली. एवढं सगळं मोजून झाल्यावर सुमारे २०० एकर जमीन जास्त भरली. आमच्या ऑफिसात असा फरक निघाला की कमी-जास्त पत्रक करायचं आणि साहेबाची सही घ्यायची. इथे साहेब होता गव्हर्नर डॅनियल टकर. पूर्वेकडून चाललेली मोजणी त्याने मधेच थांबवून पश्चिमेच्या टोकापासून उलटी सुरू करायला लावली, म्हणजे शिल्लक नेमकी त्याच्या नजरेत भरलेल्या चांगल्या मातीच्या खोलगट जागेवर यावी, असं सांगतात. ती शिल्लक त्याने स्वतःकडे घेतली, तिच्यावर सीडारच्या लाकडाचं ऐसपैस घर बांधलं आणि कंपनीत त्यावरून मोठं भांडण पेटलं. मला हे वाचताना हसू आवरेना. मोजणीची साखळी कुठून धरायची हे ज्याच्या हातात, त्याची जमीन कधी कमी भरत नाही.

हसू टिकलं नाही, कारण ज्या वर्षी नॉरवुड साखळी घेऊन फिरत होता त्याच १६१६ मध्ये 'एडविन' नावाच्या जहाजातून एक आफ्रिकी आणि एक अमेरिकेतला मूळनिवासी अशी दोन माणसं या बेटावर आणली गेली. तीही मोत्यांसाठीच, पाण्यात बुड्या मारायला. नॉरवुडला मोती मिळाले नाहीत तर दुसरं काम मिळालं. या दोघांच्या मागून शेकडो माणसं गुलाम म्हणून आली. हिस्सेदारांच्या यादीत ती असण्याचा प्रश्नच नव्हता. ती स्वतःच कुणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत होती. १७८८ मध्ये डेव्हनशर पॅरिशमध्ये मेरी प्रिन्स जन्मली, बारा वर्षांची असताना बाजारात विकली गेली, पुढे वेस्ट इंडिजजवळच्या टर्क्स बेटांवरच्या मिठागरांत गुडघाभर खाऱ्या पाण्यात राबली. तिने सांगितलेली हकिगत १८३१ मध्ये लंडनमध्ये छापली गेली. मिठागरात काम करणाऱ्या बायकांचे पाय मी आमच्या बाजूला बघितलेले आहेत, मीठ खाऊन चिरलेले, मेल्यावरही न बऱ्या होणाऱ्या टाचांचे. हॅमिल्टनमध्ये सरकारी इमारतीच्या आवारात सॅली बॅसेट या गुलाम बाईचा ब्राँझचा पुतळा आहे, २००९ मध्ये बसवलेला. विषप्रयोगाच्या आरोपावरून तिला १७३० मध्ये जाळून मारलं. पुतळा फ्रंट स्ट्रीटवरून जाताना दिसतो, आणि नकाशावरच्या दागिन्यांच्या दुकानांची रांग जवळपास तिथपर्यंत येते.

भाचीची घरमालकीण वरच्या मजल्यावर राहते, सत्तरीपुढची, काळीसावळी, उंच. जिन्यावरून उतरताना नेहमी काहीतरी हातात. कधी लोकाट, कधी पिकलेल्या केळ्यांचा पाव. माझा नकाशा एकदा बाहेरच्या कट्ट्यावर पसरलेला बघून ती टेकली आणि चष्मा लावून वाचायला लागली. पूर्वेच्या एका हिरव्या पट्ट्यावर तिने बोट ठेवलं. टकर्स टाउन. नाव त्याच गव्हर्नर टकरवरून, त्याला तिथे शहर वसवायचं होतं. शहर वसलं नाही. पुढे तिथे सुटका झालेल्या काळ्या कुटुंबांनी शेती आणि मासेमारी करून वस्ती केली, जमिनी विकत घेतल्या, चर्च बांधलं. १९२० मध्ये कायदा करून ती जमीन श्रीमंत पर्यटकांसाठी सक्तीने घेतली गेली. गोल्फचं मैदान आणि बंगले आले. शेवटपर्यंत घर न सोडणाऱ्या एका बाईला १९२३ मध्ये जबरदस्तीने बाहेर काढावं लागलं. "माझ्या सासूचे लोक तिथले," घरमालकीण म्हणाली. "त्यांचे मळे होते." थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांची दफनं अजून आहेत, खेळाच्या हिरवळीत." अशा गेलेल्या जमिनींची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारने आयोग नेमला, २०२१ मध्ये त्याचा अहवाल आला. मी तिला विचारलं, मग काही परत मिळालं का. तिने चष्मा काढला आणि केळ्याच्या पावाचा तुकडा माझ्याकडे सरकवला.

त्या बाजूला मी नंतर गेले. रस्त्याला फलक होता, पुढे खासगी मालमत्ता. वेशीवरून जेवढं दिसलं तेवढं सुंदर होतं. ते सुंदर नव्हतं असं लिहिणं खोटं ठरेल. लांबशेपटी पांढरे पक्षी कड्यावरून खाली झेपावत होते आणि गवत इतकं एकसारखं होतं की त्यावर बसावंसं वाटावं. पाहुण्यांचा नकाशा तिथे काही लपवत नाही. हिरवं आहे ते हिरवं दाखवतो. एवढंच की तो कागद वर्तमानकाळात लिहिलेला असतो, आणि आमच्या खात्याच्या कागदाला फेरफार असतो. कुठल्याही उताऱ्यावर हात ठेवा, जमीन कुणाकडून कुणाकडे, कशी, कधी आली याचा नंबर असतो. फेरफार खोटा असू शकतो, तसे मी पुष्कळ बघितले आहेत, पण नोंदीची जागा तरी असते.

विमानतळाची गोष्टही त्यातलीच, पण ती मला पटकन सांगायची आहे. १९४१ मध्ये अमेरिकेला हवाई तळासाठी जागा दिली, तेव्हा सेंट डेव्हिड्सच्या बाजूची माणसं हलवली, समुद्राचा तळ उपसून भराव घातला आणि लाँगबर्ड, कूपर्स आयलंड अशी वेगवेगळी बेटं जोडून एक सपाट जमीन केली. नॉरवुडच्या नकाशात ती वेगळी दिसतात, माझ्या नकाशात नाहीत. तळ १९९५ मध्ये बंद झाला. विमानाने येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं पहिलं पाऊल त्या जमिनीवर पडतं.

मी हे सगळं त्या बिचाऱ्या फुकट नकाशाविरुद्ध लिहिते आहे असं वाटेल, तसं नाही. कोकणात पाहुणा आला तर त्याला ओटीवर बसवतात, गूळपाणी देतात, बागेतून फिरवून आणतात. माजघरात कोण आजारी आहे, कुठल्या खोलीचा दरवाजा वाटणीत बंद झाला, हे त्याला सांगत नाहीत, आणि त्याने विचारायचं नसतं. यात फसवणूक नाही, रीत आहे. तो कागद म्हणजे त्यांची ओटी. खिडकीतल्या बाईने केलेल्या गोलांपैकी एकही जागा वाया गेली नाही. सेंट जॉर्जच्या गल्ल्या, क्रिस्टल केव्हमधलं ते काचेसारखं पाणी, सॉमरसेटचा पूल, ज्याच्या मधोमध होडीची डोलकाठी जाईल एवढीच फट उघडते, सगळं मला आवडलं. जुन्या रेल्वेच्या वाटेवरून चालले ते तर फारच. ती रेल्वे १९३१ मध्ये सुरू झाली आणि १९४८ मध्ये बंद पडली, गाड्या ब्रिटिश गयानाला विकल्या. आता रुळांच्या जागी बडीशेपेची झुडपं आणि पिवळ्या पोटाचे किस्काडी पक्षी, जे आपलं नाव दिवसभर ओरडून सांगतात. पण मोजणी ऑफिसात आयुष्य गेलेल्या बाईला ओटीवर बसूनही घराचे खण मोजण्याची खोड असते. आणि ओटी किती रुंद ठेवायची हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं का, असं एकदा डोक्यात आलं की गूळपाणी घशात अडकतं.

भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तू चार दिवसांची पाहुणी. मी कागदोपत्रीच पाहुणी आहे." तिथे बाहेरून नोकरीला आलेल्यांना गेस्ट वर्करच म्हणतात. परमिट मालकाच्या नावाशी बांधलेलं. मत देता येत नाही. घर विकत घ्यायचं तर फार महागडी तेवढीच घेता येतात, आणि तेवढे पैसे असते तर तिने नोकरी कशाला केली असती. तिला ते गैर वाटत नाही. एवढ्याशा जमिनीवर सगळ्यांना घेऊ दिलं तर इथल्या पोरांना काय उरेल, असं तीच मला विचारते. स्वयंपाकघरात फ्रिजवर तिचा स्वतःचा एक जुना नकाशा चिकटवलेला आहे, त्याच खिडकीवरून कधीतरी आणलेला. त्यावर तिच्या पेनाच्या खुणा आहेत. कोथिंबीर मिळते ते दुकान, पोराची शाळा, वादळात रस्त्यावर पाणी चढतं ती जागा, दिवाळीला सगळे जमतात तो हॉल, एका शेतकऱ्याचं फाटक जिथे पालेभाजी मिळते. बायका बायकांना सांगतात त्या सगळ्या जागा. एकही गोल त्या बाईच्या गोलाशी जुळत नाही.

निघण्याच्या आधी संध्याकाळी भाची टाकी बघायला खाली वाकली होती. लोखंडी झाकण एका कोपऱ्यात गंजून तुटलेलं, त्याखाली विटेचा तुकडा सरकवलेला. आत लांब काठी सोडून पाणी किती आहे ते बघतात. काठी ओली कुठपर्यंत झाली ते तिने बॅटरीच्या उजेडात बघितलं आणि पाऊस नाही आला तर ट्रकने पाणी मागवावं लागेल म्हणाली. मग तशीच वाकलेली असताना म्हणाली, "आम्ही कॅनडाचा अर्ज भरलाय. आईला इतक्यात सांगू नकोस." मला काय बोलावं कळेना. मी विचारलं, वरच्या बाईंना सांगितलंस का.

"तिला माझ्याआधी कळलं असणार," भाची म्हणाली. "काल जिन्यात भेटली तर म्हणते, जायचं असेल तेव्हा जा, पण त्याआधी हे टाकीचं झाकण बदलून दे."